डाव्या हाताचा घास

“हा हात बघ,” डेन्झिल म्हणाला आणि छापून आलेलं पान त्याने संपतसमोर टाकलं.

संपतच्या तोंडचं पाणी पळालं. पानावर अंतराळातला दुष्ट गुरू मोर्वाक आपल्या शिष्याला, तारिमला, भाकरीचा घास भरवत होता. डाव्या हाताने! मुलांचं मासिक, तेही अरबी. मासिकाच्या मालकाचा सकाळीच फोन आला होता म्हणे.

डेन्झिल ही चित्रकथा इंग्रजीत काढायचा. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून त्या आवृत्तीसाठी सगळी पानं आरशातल्यासारखी उलटी करावी लागत, आणि मग प्रत्येक उजवा हात डावा होऊन बसे. कुणी डाव्या हाताने जेवतोय, कुणी डाव्या हाताने सलाम ठोकतोय. असे हात शोधून ते नव्याने काढायचे, हे संपतचं काम. वली अरबी मजकूर बसवायचा आणि पान शेवटचं तपासून छपाईला सोडायचा. आखातातल्या अल सद्द भागातल्या त्या छोट्या प्रेसमध्ये हे तिघं म्हणजेच अख्खा स्टुडिओ. हा घास आधी संपतच्या नजरेतून सुटला होता आणि मग वलीच्याही.

“सर, चुकलं माझं. म्या साहेबाला जाऊन सांगतो.”

“सांग की. आणि मग आर्टिस्टचा व्हिसा विसर.”

संपतच्या व्हिसावर ‘हेल्पर’ लिहिलं होतं आणि हेल्परला बायको आणता येत नाही. औशाहून बबीता दर शुक्रवारी फोनवर एकच विचारायची, “कवा नेताव मला?” डेन्झिलने शब्द टाकला तर ‘हेल्पर’चं ‘आर्टिस्ट’ होणार होतं. पाट्या रंगवायला आलेल्या संपतच्या हातात पेन्सिल देऊन त्याला चित्रकार केला होता तो डेन्झिलनेच. वसईच्या या माणसाला संपत देवाखालोखाल मानायचा.

“मग काय करू, सर?”

“वलीचं नाव घे. सांग, मी त्याला बोललो होतो, हात राहिलाय म्हणून. तो म्हणाला, जाऊ दे.”

वली हैदराबादचा, संपतच्याच खोलीत राहणारा. पहिला पगार होईपर्यंत संपत वलीच्याच पातेल्यातलं जेवला होता. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, एवढं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

“तसलं नाही व्हायचं माझ्यानं.”

“तारिमचंही हेच चाललंय,” डेन्झिल हसला. पुढच्या अंकात मोर्वाक तारिमला सांगणार होता, तुझ्या सोबत्याला पकडून दे. तारिम पकडून देतो की नाही, तिथे डेन्झिलचं घोडं कधीचं अडलं होतं. “तू परवा काय म्हणालास? तो मरेल, पण नाव घेणार नाही. कागदावर सोपं असतं रे बाबा. जा, विचार कर.”

संपत बाहेर जाऊन कूलरचं पाणी प्याला. तहान नव्हती, तरी पुन्हा प्याला. मग तो नसरुद्दीन मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला आणि शिकवलेलं सगळं एका दमात बोलून मोकळा झाला. नसरुद्दीन साहेबांनी ऐकून घेतलं आणि फक्त “ठीक है, जाओ,” म्हणाले.

“सांगितलंस?” डेन्झिलने मान वर न करता विचारलं.

“हो, सर. तुम्ही म्हणालात तसं.”

डेन्झिलने पेन्सिल खाली ठेवली. “अरे वा! मला वाटलं नव्हतं. साहेबांशी माझं सकाळीच बोलणं झालं होतं. चूक झाली, म्हटलं, पुढच्या अंकात माफी छापू. ते म्हणाले, खलास. कुणालाच काही होणार नव्हतं.”

“मग मला कशाला पाठवलंत?”

“तारिम काय करतो ते बघायचं होतं. आता पुढचं पान काढता येईल.”

आमटीत मीठ पुरेसं आहे का ते चाखून बघावं, इतक्या सहज बोलला तो. संपतला भडभडून आलं. ज्याचा हात धरून चित्र शिकलो त्यानेच केसाने गळा कापला, आणि सुरी धरायला मात्र आपला हात! चूक माफ झाली होती. पण माहीत असून सोडलेलं पान कोण माफ करणार?

“सर, पाया पडतो, साहेबाला सांगा. म्या खोटं बोललो म्हणून सांगा.”

“मी? बोललास तू.”

काचेपलीकडून वली केबिनकडे जाताना दिसला. संपत धावत केबिनच्या दारापर्यंत गेला. ठोठावायला हात उचलला. मग बबीता आठवली आणि हात तसाच खाली आला. आपण किती हलके आहोत ते त्याला त्या दारापाशी कळलं.

वली बाहेर आला तो हसतच. ते हसू काही धड नव्हतं.

“खलास, भाई. व्हिसा कॅन्सल कर रहे.” त्याने संपतच्या खांद्यावर हात ठेवला. “साब पूछे, हाथ गलत है करके मालूम था क्या? मैं हौ बोल दिया. नई बोलता तो पूछते, हाथ सुधारना किसका काम था. तेरा नाम आता. तेरेकू भाभी को लाना है ना? मेरा क्या, हैदराबाद में भी प्रेस है.”

वली आपला डबा आणि चष्मा घेऊन जिना उतरून गेला.

डेन्झिलने कोरं पान पुढे ओढलं.

“यल्ला, चल कामाला, संपत. उद्यापासून वलीचं टेबल तुझं. आणि हे सर-सर आता पुरे. डेन्झिल म्हण.”