पट्टा लावला नव्हता

"अगं, चहात घालायचं गवत रश्शात घातलंय यांनी!" सासूबाईंनी दातांत आलेली गवती चहाची काडी काढून ताटाच्या कडेला ठेवली. "पण चव आहे हं."

मुलगा गेल्यापासून दोन महिन्यांत त्या पहिल्यांदाच धड जेवत होत्या. सून शिवणकाम करायची. बटणं आणि चेन घ्यायला मंडईत येताना तिनं त्यांना मुद्दाम सोबत आणलं होतं. थाई जेवणाचा हा स्टॉल मासळीवाल्यांच्या शेजारी होता. एक लांब टेबल, सहा प्लास्टिकची स्टुलं, आणि समोर भडकत्या जाळावर नूडल्स परतणारी घामाघूम बाई.

"इथं कुणी बसलंय का?"

आवाज ऐकताच सुनेचा हात थबकला. तिनं वर पाहायच्या आतच सासूबाई सरकल्या. "बसा की. जागा काय आपल्या मालकीची आहे?"

लिफ्ट कंपनीचा तपासणी साहेब. याच्याच टेबलासमोर ती तासभर बसली होती. 'तुमचं दुःख मी समजू शकतो,' असं तीनदा म्हणून त्यानं एक कागद पुढं सरकवला होता. अपघातसमयी कामगाराने सुरक्षा पट्टा लावला नव्हता. तो कागद तिनं शिलाई मशीनच्या खणात तळाशी घातला आणि घरी सांगितलं, चौकशी चालू आहे. तुमच्या मुलानं मरण स्वतःच ओढवून घेतलं, हे म्हातारीला कोणत्या तोंडानं सांगणार?

साहेब तिच्याकडे पाहून हसला. त्यानं तिला ओळखलं नव्हतं.

"जरा ती मिरचीची बरणी देता?"

तिनं दिली.

सासूबाईंना बोलायला माणूस हवाच होता. "ऑफिस जवळच का तुमचं?"

"हो, मागच्याच गल्लीत. लिफ्टचं काम आहे."

"माझा मुलगाही लिफ्टच दुरुस्त करायचा." त्या जरा थांबल्या. "वरून पडला. गेला."

"अरेरे." साहेबानं नूडल्सवर लिंबू पिळलं. "पण आजी, राग मानू नका. ही पोरं ऐकतच नाहीत हो. शंभरदा सांगा, पट्टा लावा. यांना आपला कंटाळा! पट्टा लावला असता तर आज तुमच्या शेजारी बसून जेवला असता."

"गप्प बसा!"

सुनेचं स्टूल मागं कलंडलं. मासळीवाल्याचा कोयता हवेतच राहिला.

"मला ओळखलं नाहीत? माझं दुःख समजत होतं ना तुम्हाला? तीनदा समजलं होतं!"

साहेबानं ओठ पुसले. "अच्छा, म्हणजे त्या... हे बघा वहिनी, अहवालात जे आलं तेच मी..."

तिनं त्याला बोलू दिलं नाही. आता लपवण्यात अर्थच नव्हता. ती सासूबाईंकडे वळली. "आई, मी तुमच्यापासून दडवलं. या साहेबांनी लिहून दिलंय, की ह्यांनी पट्टा लावला नव्हता."

सासूबाईंनी तोंडातला घास गिळला.

"लावला नव्हता कसा? दवाखान्यातून कपड्यांचं गाठोडं दिलं नव्हतं का, त्यात आहे की पट्टा. कंबरेवरच कात्रीनं कापून काढलाय त्यांनी. रक्तानं भरलेला, म्हणून तुला दाखवला नाही. धुवायचाही धीर झाला नाही मला. तसाच ट्रंकेत आहे." त्यांनी तर्जनी वाकवून दाखवली. "त्याचा आकडा असा असतो ना? तो असा झालाय." आणि बोट सरळ केलं.

साहेबानं काटा खाली ठेवला. "आजी, ही तांत्रिक बाब आहे. तुम्ही असं करा, ऑफिसात या, रीतसर अर्ज..." बोलता बोलता त्यानं बॅगेकडे हात नेला.

बॅगेवर आधीच सुनेचा हात होता.

दोन महिने मशीनच्या पायडलवर पाय आपटत ती मेलेल्या माणसाशी भांडली होती. दोन लेकरांचा बाप तू, पट्टा लावायला काय धाड भरली होती तुला? त्यातला एकेक शब्द आता तिच्या घशाशी आला होता, आणि खरं तर ज्याला तो ऐकवायला हवा होता, तो माणूस समोर बसला होता.

"जेवून घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मग आपण तिघं आमच्या घरी जाऊ. पट्टा बघायला."

"मला मीटिंग आहे."

सासूबाई उठल्या. आपलं स्टूल त्यांनी ओढत नेलं, टेबल आणि मासळीवाल्याच्या ओट्यामधल्या अरुंद वाटेत बरोबर मधोमध ठेवलं आणि त्यावर ठाण मांडून बसल्या.

"सावकाश जेव," त्या म्हणाल्या. "घाईघाईत तू काय लिहितोस, ते कळलं आम्हाला."