अक्कांचं मनगट

हळदीकुंकवाला अक्का आल्या, तशी शालनची नजर आधी त्यांच्या मनगटावर गेली. बाही लांब होती. हल्ली औषधाच्या दुकानात कृपेच्या पट्ट्या मिळतात. मनगटावर चिकटवली की पाच मिनिटांत मनातली अढी जाते. त्याशिवाय ह्या कशाला येतील? अकरा वर्षांपूर्वी शालनने या थोरल्या जावेवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला होता. पुढं पाटल्या शालनच्याच तांदळाच्या डब्यात सापडल्या, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने अक्कांना कुंकू लावलं. मग रिवाजाप्रमाणे अक्कांनीही तिला लावलं आणि हळूच म्हणाल्या, “पाटल्या सापडल्याचं मला तेव्हाच कळलं होतं गं. झालं गेलं सोडून दे.”

शालनने त्यांचा हात धरून बाही वर सारली. मनगट मोकळं होतं.

“पट्टी दाराबाहेर काढून आलात ना? असं फुकट कोण माफ करतं?”

अक्कांनी पिशवीतून पट्टीचं बंद पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. “माफ करायला मला नाही लागली. पण माफी पचवायला तुला लागेल, म्हणून आणली.”

शालन पाकीट उलटंपालटं करून ते कुठं फोडलेलं दिसतंय का, ते बघत राहिली.