साचा बसेपर्यंत

पाना कोंडीरामच्या कमरेलाच होता आणि कोंडीराम पाना शोधत होता.

"अजून किती वेळ?" सोपानरावांनी विचारलं. हे नवे सुपरवायझर, पुण्याहून आलेले.

"साचा बसंना झालाय, साहेब. रुसलाय."

रुसतो कसला! रुसायची सोयच सोपानरावांनी ठेवली नव्हती. पुढचा साचा आधीच प्रेसपाशी आणून ठेवायचा, बोल्ट सगळे एका मापाचे, खालच्या पट्ट्या साच्यालाच जोडलेल्या. कंदिलाच्या बुडाचा साचा काढून टोपणाचा चढवायला पूर्वी अर्धी सकाळ जायची. आज चहा निवायच्या आत चढला होता.

आणि या प्रेसवरची कुशाबाई आत्ता कुठं घरी पोचली असेल.

सत्तावन्न सालच्या त्या चिंचवडच्या कारखान्यात बाईनं तान्ह्याला कधी पाजावं, याचा नियम नव्हता. साचा बदलायला प्रेस थांबली की ती गावठाणात पळायची. प्रेस सुरू होताना स्टुलावर दिसली नाही, तर जागा बदली बाईला. इतके दिवस त्या पोराचं पोट कोंडीरामच्या आळसावर भरत होतं. लोक त्याला कामचुकार म्हणायचे. म्हणोत.

सोपानरावांनी साचा हलवून पाहिला. जागचा हलेना.

"हा तर पक्का बसलाय! खोटं का बोलता, कोंडीराम?"

"कुशाबाई पोराला पाजाया गेलीय. तुमी येळ वाचवला, साहेब. कुनाचा, ते बी बघा."

सोपानरावांनी साच्यावरचा हात काढला. मग हळूच म्हणाले, "प्रेस थांबवता येणार नाही. मालक आत बसलेत."

"थांबवतंय कोन?" कोंडीरामनं प्रेस सुरू केली आणि स्वतःच कुशाबाईच्या स्टुलावर बसला. साचे बसवणारा गडी, टोपणं दाबायला! पलीकडच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"कोंडीबाई, बोटं संबाळा गं!"

कुशाबाई धापा टाकत दारात आली. प्रेसचा आवाज ऐकूनच तिचं तोंड उतरलं होतं. स्टुलावर कोण आहे ते पाहून ती थबकली.

"उठा भाऊ, आले मी."

"पोटभर प्यालं का?"

"कुटलं! अर्ध्यावरच वढून काडलं."

"मग हितं काय करतीस? जा."

तिनं सोपानरावांकडं पाहिलं. सोपानराव मालकाच्या बंद दाराकडं पाहत होते. मग त्यांनी बाह्या वर सारल्या, तेलकट पत्र्यांची चवड उचलली आणि कोंडीरामच्या हाताशी नेऊन ठेवली.