चिन्नोराचा वास

मोहफुलांची टोपली अर्धीच भरून रुखमा घरी आली आणि ओसरीवर धपकन बसली. साडी पाठीला चिकटली होती, तोंड लालबुंद झालं होतं.

“आजही आली होती,” ती म्हणाली.

“कोण?” सुनेनं विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“तुयी आजेसासू.”

रुखमाची सासू जाऊन तीन वर्षं झाली होती. पण मोहफुलं पडायला लागल्यापासून रोज सकाळी रानात, आपल्या झाडाखाली वाकलं की रुखमाच्या मानेवरचे केस उभे राहत. मागं कुणीतरी उभं आहे असं वाटे. आणि वास येई, चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या चिन्नोराच्या, त्या वासाच्या तांदळाच्या, भाताचा. सासूनं शेवटच्या दुखण्यात तोच भात मागितला होता. रुखमा तेव्हा खेकसली होती, “उद्या करीन.” त्या रात्रीच म्हातारी गेली.

“आई, आपल्या घरात भूत मानत नाई,” संघप्रिया म्हणाली आणि तिनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं.

ही सून गावच्या उपकेंद्रात नर्स होती. हुशार, मायाळू, आणि एकदा ठरवलं की कुणाचं न ऐकणारी. रुखमाची पाळी बंद होऊन आठ महिने झालेत, हे घरात फक्त तिलाच माहीत होतं. जेवताजेवता छातीतून जाळ वर चढायचा, पंख्याखाली घामाच्या धारा लागायच्या. झोपेचं तर खोबरंच झालं होतं. रुखमा नवऱ्यावर, देवरावांवर, विनाकारण ओरडायची आणि मग न्हाणीत जाऊन रडायची. संघप्रिया तिला प्रत्येक वेळी सांगे, हे त्यातच येते.

“अन् वास?” रुखमानं विचारलं.

“काही बायांना नसलेले वास येतात. तेही त्यातच येते.”

“अन् मागं कोणी असल्यावानी वाटते, ते?”

“धडधड झाली का जीव घाबरते. मग तुमी दर दोन पावलाले मागं पाहता, अन् पाहिलं का भीती अजून वाढते. मागं पाहणं सोडा आई. एवढं एक करा.”

रुखमा पदरानं मान पुसत राहिली. मग म्हणाली, “तुयी आजेसासूही अशीच बसे. भर थंडीत पदर फेकून. मी शेजारणीले म्हटलं, म्हातारी येडी झाली. तिनं आयकलं होतं. तिले कोणी सांगतलंच नाई पोरी, का हे साऱ्याच बायांले होते.”

संघप्रियाला वाईट वाटलं. तिनं सासूच्या खरबरीत बोटांवर हात ठेवला. ही बाई भुताच्या भीतीनं रान सोडेल, मग घरात कोंडून घेईल आणि खरंच वेडी ठरेल, याचीच तिला धास्ती होती. आजेसासूचं झालं ते हिचं होऊ द्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

तिनं देवरावांना दोन दिवस सोबत पाठवलं. ते झाडाखाली बिडी ओढत, खोकत बसून राहिले. त्या दोन दिवसांत बिडीच्या धुरापुढं ना तो वास आला, ना मागं कुणी उभं राहिलं.

“पाहिलं?” संघप्रिया म्हणाली. “भूत असतं तर बाबांसमोरही आलं असतं. हे सारं मनातलं हाय.”

हे रुखमालाही पटलं. तिनं ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या सुरू केल्या. चार दिवसांत झोप लागू लागली, जेवण गोड लागू लागलं. वास मात्र येतच होता आणि मागं पाहायची खोड काही सुटत नव्हती. या रानात फिरणारी वाघीण नदीपलीकडं गेली असं सारे म्हणत होते; त्यानंतर वनखात्यानं वाघांच्या मोजणीसाठी झाडांना कॅमेरे बांधले होते. त्यातला एक नेमका तिच्या मोहाला होता.

“मी वाकली का फोटो काढते मेला,” ती म्हणाली आणि कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली.

आज सकाळी ती टोपली घेऊन निघाली तेव्हा देवराव उठून चप्पल शोधू लागले.

“तुमी झोपा,” रुखमा म्हणाली. “मले सोबत नाई लागत. आज एकडावही मागं नाई पाहत, पैज लावा.”

संघप्रिया दारात उभी राहून पाहत होती. रुखमा शेताच्या धुऱ्यावरून ताठ मानेनं चालत गेली, बांबूच्या रांजीआड झाली. एकदाही वळली नाही. संघप्रियाचे डोळे भरून आले. आपण एका बाईला वाचवलं, असं तिला वाटलं.

तासाभरानं वनरक्षक निकेशची मोटरसायकल अंगणात थांबली. काल संध्याकाळीच तो कॅमेऱ्यांतले फोटो काढून घेऊन गेला होता.

“काय, आईच्या शिव्या आल्या का फोटोत?” संघप्रियानं हसत विचारलं.

निकेश हसला नाही. “ताई, आजपासून काकूले एकटं नका जाऊ देऊ,” तो म्हणाला आणि त्यानं मोबाईल पुढं केला.

पहिल्या फोटोत रुखमा वाकून फुलं वेचत होती. पाच वाजून बावन्न मिनिटं. दुसऱ्या फोटोत तेच झाड, पाच छप्पन. झाडाला पाठ लावून, शेपूट वर करून वाघीण उभी होती.

“हद्दीसाठी झाडावर मूत फवारून राह्यली,” निकेश म्हणाला. “त्याचा वास लवकर जात नाई. वासाच्या तांदळाचा भात शिजल्यावानी येते.”

तो बोटानं फोटो सरकवत गेला. दुसरा दिवस, तिसरा दिवस. एका फोटोत रुखमा मान वळवून पाहत होती आणि तिच्या मागं गवतात पट्टे दिसत होते.

“बारा दिवस होऊन राह्यले, रोज काकूच्या मागं हाय. काका सोबत होते ते दोन दिवस तेवढे सोडून.”

संघप्रियानं खुंटीकडं पाहिलं. टोपली तिथं नव्हती.

“काकू वाचली ते एकाच गोष्टीनं, ताई,” निकेश सांगत होता. “ते दर दोन पावलाले मागं पाहते.”