लाल दोऱ्याचा नंबर

“सही करा, मावशी. निराधारांच्या यादीत नाव घालतो. पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू.” पेन्शन कचेरीतल्या साहेबाने अर्ज पुढे सरकवला.

इस्त्रीवालीने कागद वाचला. ‘अर्जदारास कोणताही आधार नाही. कृपा करून मदत मिळावी.’ तिचं बोट ‘कृपा’वर अडलं.

“मी मदत मागायला आले नाही, साहेब. सरकारी धुलाईखान्यात एकतीस वर्षं इस्त्री केली. दर पगाराला हप्ता कापलात. म्हातारपणी पेन्शन देऊ म्हणालात. ती द्या.”

“कापला असेल हो. पण शेवटच्या नऊ वर्षांची नोंदच नाही, आणि त्याशिवाय पेन्शन बसत नाही. ठेकेदार बदलले, वह्या गेल्या. तुम्ही कामावर होता, हे कशावरून?”

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने भाजल्याचे डाग वेलीच्या पानांसारखे चढत गेले होते. तिने पदराखाली हात घेतला. हे दाखवून काही मागायचं नव्हतं.

“आणि पैसे जवळजवळ तेवढेच,” साहेब म्हणाला. “पोट भरल्याशी मतलब. ताट कुणाचं ते कशाला बघता?”

“माझ्याच चुलीवरचं भांडं उचलून नेलंत. आता मलाच म्हणता, दाराशी उभी राहा, वाढतो!”

साहेबाने हसून मान मागे टाकली. खुर्चीच्या पाठीवर धुलाईखान्यातून आलेला पांढरा टॉवेल होता. त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने टाचलेला आकडा होता. सत्तेचाळीस.

ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि टॉवेल ओढला. साहेब दचकून पुढे झाला.

“अहो, सरकारी वस्तू आहे ती!”

“ठाऊक आहे. जळली तर कुणाच्या पगारातून कापायचं ते कळावं, म्हणून प्रत्येकीने आपला नंबर टाचायचा. हा माझा. आणि किनारीवर छापलेलं वर्ष वाचा. दोनच वर्षांपूर्वीचं आहे.”

साहेबाने वाचलं. मग उगाच पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

तिने टॉवेलची घडी घातली. काठाला काठ बरोबर जुळला. नंबर वर येईल अशी घडी तिने त्या अर्जावर ठेवली आणि तळव्याने दाबली, इस्त्री दाबावी तशी.

“काही जळलं की नऊ वर्षं मी तुम्हाला लगेच सापडायचे,” ती म्हणाली. “आता शोधा.”