फाटक्या कानाचा कामोशिका

"कान चुकलाय," कुरोनुमा म्हणाले आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

सभागृहातल्या सत्तावीस जणांनी आपापल्या वहीत कान चुकल्याची नोंद केली. टेबलावर वीतभर उंचीचा कामोशिका उभा होता. डोंगरातला हा केसाळ प्राणी दिसायला धड हरीण नाही, धड बोकड नाही. पण गोतावळा रानशेळ्यांचा, म्हणून रानमेंढ्या-रानशेळ्यांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या या मंडळाने त्याला घरचा मानला होता. समोर मित्सुए आजी गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत पोरांचा स्वयंपाक केलेल्या आणि याच वर्षी सभासद झालेल्या. प्रतिकृती त्यांनी स्वतः घडवली होती, स्वतः रंगवली होती.

कुरोनुमा एकोणीस वर्षं मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या घरी काचेच्या कपाटांत दोनशे बारा जनावरं होती. पामीरची मेंढी, पिळाच्या शिंगांचा मारखोर, निलगिरीचा ताहर, काही सुटलं नव्हतं. शिंगांवरच्या वळ्या मोजून ते जनावराचं वय सांगत आणि रंगाच्या छटेवरून कारखान्याचं साल. कुणाच्या तोंडून चुकून 'खेळणी' असा शब्द गेला, तर त्या दिवशी त्याच्यापर्यंत चहा पोहोचत नसे. त्यांचा लाल शिक्का उमटला की प्रतिकृती अस्सल. यंदा तर स्पर्धेत पहिली येणारी प्रतिकृती स्टेशनवरच्या, नाणं टाकलं की खेळण्याची डबी देणाऱ्या यंत्रांतून विकली जाणार होती, डबीवर त्यांच्या नावासकट.

जिवंत कामोशिका मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. डोंगरात थंडी असते, जळवा असतात, आणि पुस्तकात सगळं असतंच. एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारू नये, एवढीच त्यांना धास्ती होती.

"उजवा कान फाटका. डावं शिंग झिजलेलं. पाठीमागे केस गेलेले," ते म्हणाले. "आणि चेहरा बघा किती भोळसट. आजी, हा कामोशिका नाही."

"तो असाच आहे हो, अध्यक्ष."

"कोण तो?"

"आमच्या मुळ्याच्या वाफ्यात येतो तो."

कुरोनुमा मायेने हसले. वाफ्यात येणाऱ्या भुरट्यावरून जात ठरत नाही, हे त्यांनी आजींना समजावलं आणि प्रतिकृती 'काल्पनिक' गटात टाकली. सत्तावीस माना डोलल्या. आजींनी तिला रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेला एक जण म्हणाला, "पुतळा आलेला दिसतोय."

सभागृहाच्या आवारात कामोशिकाचा पूर्णाकृती पुतळा बसवायचं गावाने ठरवलं होतं, आणि तेही कुरोनुमांच्याच सल्ल्याने. न दाखवता बसवला म्हणजे काय? ते तडक उठले आणि आतल्या सपातांनिशीच बर्फात गेले. अध्यक्षच सपातांनिशी गेल्यावर बूट घालायला थांबणार कोण? सगळे मागोमाग निघाले. आजी तेवढ्या दारात बसून शांतपणे बूट चढवत राहिल्या.

आवाराच्या टोकाला, चढ सुरू होतो तिथे, तो उभा होता. पाठीवर बर्फ साचलेला, नजर सरळ समोर.

"शी," कुरोनुमा म्हणाले. "पुन्हा तोच फाटका कान. तेच झिजलेलं शिंग. आजींचाच कित्ता गिरवलाय कुणीतरी. आणि उभं राहणं बघा. चार पाय रोवून खांबासारखं कुठलं जनावर उभं राहतं?"

सपातांत बर्फ शिरत होता, बोटं बधिर होत होती, तरी सगळ्यांनी उभ्याउभ्या लिहून घेतलं. पहिल्या रांगेतल्या एकाने शिंग फारच वाईट असल्याचं स्वतःहून जोडलं.

आजी मागून आल्या. "थंडीत तो असाच उभा असतो," त्या हळूच म्हणाल्या. "कधी कधी अख्खी सकाळ."

फाटका कान हलला. पाठीवरचा बर्फ घसरून पडला. जनावराने अध्यक्षांकडे निवांत पाहिलं, रवंथ केला, वळून काळ्या लेंड्या टाकल्या आणि चढ चढत झाडांत दिसेनासं झालं.

सत्तावीस पेनं थांबली. कुरोनुमांकडे कुणीही पाहिलं नाही. सगळे इतक्या अदबीने आभाळाकडे बघत होते की कुरोनुमांचे कान तापले. एकोणीस वर्षांची अब्रू लेंड्यांशेजारी पडली होती. तरीही त्यांच्या मनात भलतंच चाललं होतं. त्या जनावराच्या नाकातून वाफ येत होती. दोनशे बारांपैकी एकाच्याही नाकातून कधी वाफ आली नव्हती. त्यांना त्याच्या मागे जावंसं वाटलं, अगदी पोरासारखं.

"मी," ते म्हणाले, "मी कधी..."

"अध्यक्ष, थंडी फार आहे," सचिव नागाकुबो कमरेत वाकून घाईघाईने म्हणाला. "आपण आत चला. इतिवृत्ताचं मी बघतो."

कुरोनुमांनी तोंड मिटलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. आत गरम चहा झाला, ओले मोजे शेगडीपाशी वाळत पडले. सचिवाने कागद पुढे ठेवून कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. सगळ्यांच्या नजरा आजींकडे वळल्या.

"माझी नाही," आजी मांडीवरची गाठोडी सावरत म्हणाल्या. "त्याची असेल, तर तो गेला."

कुरोनुमांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा एकदा वाचल्या. मग शिक्का लाल शाईत बुडवून त्यांनी तो खाली नीट, सरळ उमटवला. वर लिहिलं होतं:

"प्रवेशिका नऊ, मित्सुए-सान: उजवा कान सदोष, गट काल्पनिक. प्रवेशिका दहा, पूर्णाकृती: तेच दोष आढळले, मात्र निकालापूर्वीच स्पर्धकाने स्वतःहून माघार घेतली."