पुरी की काश्मीर

“सांग लवकर. पुरी का काश्मीर?”

केशोरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. नंदाबाई मान वर न करता सुपातले खडे वेचत राहिल्या. नवऱ्याच्या हातात सहलवाल्या धर्मेंद्रचा रंगीत कागद होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फ. पुरी पाच दिवस, माणशी सात हजार. काश्मीर अकरा दिवस, माणशी अठरा. दोन्ही सहली परवा सकाळी गोंदियाहून निघणार होत्या. आणि तेरवा गावची मंडई होती.

ज्या माणसानं जन्मात नागपूरच्या पलीकडे पाय टाकला नाही, त्याला ऐन मंडईत हे कसलं खूळ लागलं? दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, ठरल्या दिवशी भरते. लेकी-जावई येतात, सोयरेधायरे येतात, रात्री नाटक होतं. त्या दिवशी घराला कुलूप घालून कोणी फिरायला जातं का?

आणि यंदा तर त्यांची लेक आचल येणार होती.

सहा वर्षांपूर्वी आचलनं आपल्या मनानं लग्न केलं. मंडईच्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा केशोरावांनी भरल्या अंगणात, सगळ्या पाहुण्यांसमोर शपथ घेतली, “मी या घरात असतानी या पोरीनं उंबरठा ओलांडाचा नाही!” केशोराव शब्दाला भलते पक्के. तांदळाच्या मिलमध्ये तीस वर्षं काट्यावर बसले, कधी कुणाला पावशेर कमी नाही की जास्त नाही. शपथही त्यांनी तशीच तोलून पाळली. नंदाबाई आधी त्यांना ‘आचलचे बाबा’ म्हणायच्या. त्या दिवसापासून नुसतं ‘अवो’ म्हणू लागल्या. नात झाली, तीन वर्षांची झाली. त्यांनी ती शेजारच्या रुख्माच्या फोनवरच पाहिली.

त्याच रुख्मानं चार दिवसांपूर्वी कानाशी लागून सांगितलं होतं, आचल लेकीला घेऊन मंडईला येते आहे, आठ दिवस रुख्माच्याच घरी राहणार आहे. मध्ये फक्त एक कुंपण. नंदाबाईंनी गुपचूप अनारशांचे तांदूळ भिजू घातले आणि भांडं धान साठवायच्या ढोलीमागे दडवून ठेवलं. आणि आता हे!

“पुरीले समुद्र हाय. मले पान्याचं भेव वाटते,” त्या म्हणाल्या.

“मंग काश्मीर.”

“तुमचे गुडघे इथच्याच थंडीत धरतात. बरफात काय होईन?”

“गुडघ्याचं पाहू. काश्मीर दूर हाय ना? अकरा दिवस. चांगलं हाय.”

दूर! म्हणजे यांना सुगावा लागला. पोरीचं तोंड पाहावं लागू नये म्हणून हा माणूस बर्फातसुद्धा जाऊन बसेल, आणि आपल्यालाही ओढत नेईल. बरं, आधी निघालेल्या हलक्या धानाचे वीस हजार काय ते हाती होते. दोघांचं काश्मीर त्यात कसं बसणार? हिशेबाचा एवढा पक्का माणूस, तरी अडून बसला होता. वरचे पैसे कुठून आणणार, काय विकणार, हे विचारायचीही त्यांना भीती वाटत होती.

फोन वाजला. “काकाजी, पाँच बजे तक बता दो,” धर्मेंद्र पलीकडून म्हणाला. “फिर मत बोलना, सीट नहीं मिली.”

पावणेपाच झाले होते. नंदाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“मी नाही येत,” त्या म्हणाल्या. “कुठीच नाही येत. आचल येऊन राहिली मंडईले. नातीले मी एकदाबी मांडीवर नाही घेतली. तुमाले जाचं तं जा एकटे!”

केशोराव भडकतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी नुसती कागदाची घडी केली.

“एकटाच जाऊन राहिलो,” ते म्हणाले. “तुले कोन चाल म्हनलं?”

नंदाबाई उठून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“धर्मेंद्रले एकच सीट सांगतलो मी. मी घरात असतानी पोरीनं आत याचं नाही, असा बोललो होतो. मी घरातच नसलो तं?” केशोरावांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली. “तिले बोलवाले मीच सांगतलो रुख्माले. तुले सांगतलो असतो तं तू मले जाऊ देली नसती. अनारशाचे तांदूळ भिजू घातलीस, मले का दिसत नाही? पुरीले गेलो तं पैसे उरतात, नातीले काही घेता येते. पन पाच दिवसात वापस याव लागते. काश्मीरले गेलो तं हातात काही उरत नाही, पन पोरगी आठही दिवस आपल्या घरात राहीन. मले काही सुचत नाही. म्हनून तुले इचारून राहिलो.”

फोन पुन्हा वाजू लागला. नंदाबाईंना रडू आवरेना. पदरानं डोळे पुसता पुसता त्यांनी नवऱ्याची सहा वर्षांपूर्वीची शपथ मनातल्या मनात शब्दन् शब्द म्हणून पाहिली. पुन्हा एकदा म्हणून पाहिली.

“पुरीचं सांगा, आचलचे बाबा,” त्या म्हणाल्या. “पाच दिवसांनी तुमी याल, तवा आचल घरातच असन. तिनं आत याचं नाही, असे बोलले होते तुमी. पोरगी आत असतानी तुमी याचं नाही, असे कुठी बोलले होते?”